कागदातलं भोक

कागदाच्या मधोमध भोक ठेवायचं आहे, असं सांगणारं गिऱ्हाईक अठरा वर्षांत त्या प्रेसमध्ये आलं नव्हतं. लग्नपत्रिकेला वेलबुट्टी हवी, हँडबिलावर अध्यक्षांचं नाव सगळ्यांत ठळक हवं, असल्या हौशी तिथं अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणाऱ्या आसारामच्या हातांना तोंडपाठ होत्या. पण दसऱ्यानंतरच्या सोमवारी ट्रेनिंग कॉलेजातल्या साठ्ये बाई आल्या, त्यांनी हातानं लिहिलेला मजकूर टेबलावर ठेवला आणि त्याच्या ऐन पोटात पेन्सिलीनं वाटाण्याएवढं वर्तुळ काढलं, तेव्हा मालक राधाकृष्णशेठांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. बाईंचं म्हणणं तसं साधं होतं. मूल जाड कागदावरचा मजकूर वाचणार, बाई समोर बसून कागदाच्या मागच्या बाजूनं भोकाला डोळा लावणार आणि वाचताना मुलाचे डोळे कसे चालतात ते बघणार. ज्या मुलांना वर्षानुवर्षं वाचताच येत नाही त्यांच्या डोळ्यांचं नक्की काय होतं, हे त्यांना शोधायचं होतं. शेठ म्हणाले, डोळ्यांचं काय व्हायचंय, रुळावरून गाडी जावी तसे ओळीवरून सरळ जातात. बाई नुसत्या हसल्या.

बुधवारी पहिलं प्रूफ निघालं. बाईंनी स्वतःच त्याला भोक पाडलं, कागद शेठांच्या हातात वाचायला दिला आणि आसारामला म्हणाल्या, तुम्ही जुळवलंय ना, मग तुम्हीच बघा. आसाराम संकोचानं वाकला, मालकाच्या नाकाला नाक लागेल इतका, आणि भोकातून त्याला शेठांचा डोळा दिसला. तो डोळा सरळ जात नव्हता. उडी मारायचा, थांबायचा, पुन्हा उडी मारायचा, खळ्यावर दाणे टिपणाऱ्या चिमणीसारखा. ओळीला चार-पाच उड्या झाल्या की झर्रकन खालच्या ओळीच्या सुरुवातीला, आणि पुन्हा चार-पाच. एकदाही चुकला नाही, एकदाही मागं फिरला नाही. वाचणारी माणसं अशी वाचतात, हे आसारामला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. आता तुम्ही वाचा, मी बघते, असं बाई सहज म्हणाल्या. बाहेर छपाईचं ट्रेडल मशीन खडखडत होतं. शाई सांडल्याचं काहीतरी निमित्त पुटपुटून आसाराम आत गेला आणि खिळ्यांच्या पेट्यांमागं उभा राहिला. हातांना घाम सुटला होता आणि शिशाचे खिळे बोटांतून निसटत होते.

कारण आसारामला वाचता येत नव्हतं. खिळे जुळवणाऱ्या माणसाला वाचता येत नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकणारा म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढील, आणि आसारामची सगळी नोकरी त्याच एका भरवशावर उभी होती. अक्षरं त्याला येत होती. कुठलं अक्षर, कुठली वेलांटी पेटीतल्या कुठल्या खणात आहे, हे त्याच्या बोटांनी झोपेतही सांगितलं असतं. खिळा बोटांत धरला की हलत नाही. तो जड असतो, थंड असतो, आणि आपण ठेवीपर्यंत त्याच्या शेजारी दुसरा येत नाही. लेखकाच्या कागदावरचं एक अक्षर बघायचं, तसा खिळा उचलायचा, बसवायचा, मग पुढचं बघायचं. ह्यात वाचण्यासारखं काही नव्हतंच. पण हीच अक्षरं कागदावर ओळीनं उभी राहिली की त्याचे डोळे बावचळायचे. पुढं गेलेले मागं यायचे, वरच्या ओळीत शिरायचे, आणि तिथून खाली येईपर्यंत आधीचं अक्षर मनातून पुसून गेलेलं असायचं. पाथर्डीकडच्या त्याच्या गावात चावडीशेजारी शाळा होती. तिथले मास्तर त्याला उभा करायचे, पुस्तक हातात द्यायचे आणि म्हणायचे, वाच. एवढंच म्हणायचे आणि मागं येऊन उभे राहायचे. मानेवर त्यांचा श्वास, नाकात त्यांच्या तपकिरीचा वास, आणि समोर ती ओळ. मास्तरांचा लाकडी रूळ बोटांवर पडायच्या आधीच्या त्या क्षणाची भीती आसारामच्या पोटात अजून जशीच्या तशी होती. कुणाच्याही हातात कागद दिसला की ती उठून बसायची. धाकट्या भावाचं, मच्छिंद्रचं पत्र आलं की तो बायकोला म्हणायचा, डोळं दुखायलेत, उद्या वाचतो. मग दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एकेका अक्षरावर बोट ठेवून, घामाघूम होऊन, चार ओळींचं ते पत्र फोडायचा. लंकाबाईला सोळा वर्षांत कधी संशय आला नाही. नवऱ्याचे डोळे अधू आहेत असं ती धरून चालली होती आणि हिवाळ्यात त्याला गाजरं खायला घालत होती.

त्या संध्याकाळी आसाराम भोकाचं प्रूफ सदऱ्याच्या आत घालून घरी निघाला. परीक्षेचा कागद दाराबाहेर न्यायचा नाही, हा छापखान्यातला पहिला नियम. तो मोडणाऱ्या जुळाऱ्याला नगरमध्येच काय, पार पुण्यापर्यंत कुठल्या प्रेसची पायरी चढता येत नाही. चितळे रोडनं जाताना तो कागद छातीवर कुरकुरत होता आणि समोरून येणारा प्रत्येक माणूस ते ऐकतोय असं त्याला वाटत होतं. पण घरी विजयमाला होती. दहा वर्षांची, तिसरीत दुसऱ्यांदा बसलेली, त्याची एकुलती एक पोर. बाई पुढच्या मंगळवारी परीक्षा घेणार होत्या ती तिच्याच शाळेतल्या कच्च्या मुलींची. शाळेच्या मोठ्या बाईंनी लंकाबाईला बोलावून स्वच्छ सांगितलं होतं, की ह्यात पोरगी मंद निघाली तर आम्ही तिचं नाव काढणार, किती दिवस जागा अडवून ठेवायची? त्यातच मच्छिंद्रचं पत्र आलेलं. यंदा पावसानं दगा दिला, रानात कुसळसुद्धा नाही, दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊस तोडायला कोपरगावकडं जातोय. नवरा-बायको दोघं उसाच्या फडात, मग तान्हं लेकरू कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, कोण सांभाळणार, विजू शिकत नसंल तर तिला धाडा. लंकाबाई काही दुष्ट नव्हती. पण ती म्हणाली, 'साळंत नुसता मार खाती. तितं लेकरू तरी संबाळंल.' कोपीवर गेलेली पोर पुन्हा शाळेत बसलेली त्यानं गावाकडं एकदाही पाहिली नव्हती.

विजूला त्यानं उंबऱ्यात उजेडाला बसवलं, कागद तिच्या तोंडासमोर धरला, मागून भोकाला डोळा लावला आणि म्हणाला, 'वाच.' शब्द तोंडातून गेला आणि त्याच्या अंगावर काटा आला. तोच शब्द, आणि सूरही तोच. भोकात विजूचा घारा डोळा आला. एक उडी पुढं गेला, थांबला, मागं आला. पुन्हा तीच जागा. पुढं, मागं, आणखी मागं. मग एकाएकी वरच्या ओळीत, तिथून भलतीकडंच खाली, आणि मग कुठंच न जाता नुसता थरथरत राहिला. वि, हि, वि, असं विजू कागदाआड पुटपुटत होती. आसारामला भोकापासून डोळा काढवेना. स्वतःचे डोळे आतून कसे वाटतात ते त्याला जन्मभर माहीत होतं, बाहेरून कसे दिसतात ते आज दिसलं, आणि तेही पोरीच्या तोंडावर. तिला देण्यासारखं दुसरं काही नव्हतंच त्याच्याजवळ, आणि जे होतं ते तिनं न मागता उचललं होतं. की हे आपणच केलं? ती चार वर्षांची असताना त्यानं झिजलेले खिळे तिला खेळायला आणून दिले होते, बाराखडी त्यांच्यावरच गिरवून घेतली होती. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. पोरीचे डोळे तेव्हाच उलटे फिरले असतील आणि आपण कौतुकानं बघत बसलो. ह्या विचारानं त्याला इतकी भीती वाटली की त्यानं कागद खाली ठेवला. विजू म्हणाली, 'आण्णा, मला काय झालंय?' तो म्हणाला, काही नाही झालं. तिचा वरचा ओठ घामानं ओला झाला होता आणि ती त्याच्याकडे, त्याला स्वतःचीच आठवण यावी अशी, बघत होती.

मजकूर पाठ करून घ्यायचा, हे त्यानं त्या रात्री जेवताना ठरवलं. घडाघडा म्हणून दाखवला की झालं, डोळ्यांकडे कोण बघतंय? तिथं नेमकं डोळ्यांकडेच बघणार होते, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण भ्यालेला माणूस समोरची एकच फट बघतो आणि तिथंच डोकं घालतो. बहात्तर साल ते, नळाला सकाळी तासभर पाणी यायचं आणि त्यासाठी उजाडताच हंड्यांची रांग लागायची. त्या रांगेत हंडे उपडे घालून त्यांवर बापलेक बसू लागले. ओळींच्या मधे घालायच्या शिशाच्या दोन पट्ट्या त्यानं प्रेसमधून आणल्या होत्या. एक पट्टी ओळीखाली, दुसरी पुढच्या अक्षरांवर, म्हणजे एका वेळी एकच अक्षर उघडं. एक अक्षर तिनं सांगायचं, एक त्यानं, मग दोघांनी मिळून ते जोडायचं. ती अडली की तो म्हणायचा, 'घाई न्हाई. मी हाय हितं.' पहिल्या सकाळी 'आमच्या गावात एक जुनी विहीर आहे' एवढं पुरं वाक्य हाताला लागलं, तेव्हा दोघं एकमेकांकडे चोरासारखे बघून हसले. शेजारची रंगुबाई म्हणाली, पोरीला वकील करता का काय, आण्णा? त्यानं कागद घाईनं सदऱ्यात सारला. भावाची पत्रं सोडली तर आपण जन्मात पहिल्यांदाच काहीतरी वाचतोय, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. चौथ्या सकाळी, रविवारी, विजूनं भरलेली कळशी कमरेवर घेऊन चालता चालता सगळा मजकूर न अडखळता म्हणून दाखवला. त्यानं एवढंच बजावलं, की म्हणताना इकडं तिकडं बघायचं नाही, नजर कागदावरच ठेवायची.

मध्ये शनिवारी बाई दुरुस्त्या लावून गेल्या होत्या. तीन ठिकाणी लाल शाईनं दोन-दोन अक्षरं खोडून समासात दुसरी लिहिलेली. आसारामनं चिमट्यानं जुने खिळे उपसले, नवे बसवले, जुळवलेल्या पानाचा फर्मा पुन्हा आवळला. पाच मिनिटांचं काम. हात ते करत होते आणि तो मनातल्या मनात विजूचा धडा म्हणत होता, एके दिवशी एक गाय विहिरीजवळ आली, गाय फार तहानलेली होती.

मंगळवारी छापलेले कागद शाळेत पोचवायला शेठांनी त्यालाच पाठवलं. भोकांच्या कडा नीट कापल्या गेल्या नव्हत्या, म्हणून पंच आणि लहान हातोडी घेऊन तिथंच बसून त्या साफ करायच्या होत्या. वर्गाच्या कोपऱ्यात तो खाली बसला. व्हरांड्यात कच्च्या मुली ओळीनं उभ्या होत्या, त्यांत विजू चौथी. टेबलाच्या एका बाजूला साठ्ये बाई, शेजारी मोठ्या बाई हजेरीपट उघडून. आसाराम एकेका भोकावर हलकेच हातोडी मारत होता. विजू आत आली. ठरल्याप्रमाणे तिनं बापाकडे पाहिलं नाही. बाईंनी कागद तिच्यासमोर धरला, मागून डोळा लावला आणि मृदूपणे म्हणाल्या, 'हं, सुरू कर.' विजूचा आवाज छान लागला. जुनी विहीर झाली, पाणी भरणाऱ्या बायका झाल्या, गाय आली, गाय तहानलेली होती, पोहऱ्यानं पाणी काढून गाईला पाजलं. आसारामचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. शेवटचं वाक्य संपलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला पुरता श्वास घेता आला.

साठ्ये बाईंनी भोकापासून डोळा काढला. मोठ्या बाईंना म्हणाल्या, मुलगी सगळा वेळ माझ्याकडे बघत होती, भोकातून, थेट माझ्या डोळ्यात. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि गाय कुठं लिहिली आहे ते दाखवायला सांगितलं. विजूचं बोट कागदावर गेलं, एका जागी टेकलं, उचललं, दुसऱ्या जागी टेकलं. 'गाय नाहीच आहे इथं,' बाई म्हणाल्या, 'शेळी आहे. गाय पहिल्या प्रुफात होती. गाय मुलं न बघताच म्हणतात, म्हणून मी ती काढली.' आसारामच्या हातातली हातोडी तशीच राहिली. शे आणि ळी. तीन वेळा. कुठल्या खणातून उचलले तेसुद्धा त्याला आता दिसत होतं, बोटांना त्यांचा गारवा आठवत होता. त्याच्याच हातांनी गाय उपसून शेळी बसवली होती, आणि हातांनी ते त्याला सांगितलं नव्हतं. मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं. पाठ करून आली, तेही चुकीचं, आणखी काय बघायचं राहिलंय, असं म्हणत त्यांनी हजेरीपट जवळ ओढला. साठ्ये बाईंनी विचारलं, पहिलं प्रूफ बाहेर कसं गेलं? त्या विजूकडे बघून विचारत होत्या. विजू फरशीकडे बघत उभी राहिली. तिनं मान वर केली नाही, बापाकडे पाहिलं नाही, तोंड उघडलं नाही. दार दोन हातांवर होतं, उरलेले कागद घेऊन आसाराम निघून गेला असता तर कुणी अडवलं नसतं. पोर काहीच सांगणार नाही, हे त्याला लख्ख कळलं. बापाचं नाव न घेता ती कोपरगावला जाईल आणि तिथंही कुणाला सांगणार नाही. मास्तरांच्या रुळाखाली तोही असाच गप्प उभा राहायचा.

'म्या न्हेलं, बाई,' आसाराम म्हणाला. हातोडी खाली ठेवून तो उठला. 'ही माझी पोर हाय. तिला बोल लावू नका.'

मोठ्या बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग दुरुस्ती कुणी केली, असं त्यांनी विचारलं. मीच, असं तो म्हणाल्यावर त्या म्हणाल्या, स्वतः दुरुस्ती करून पोरीला चुकीचं शिकवलं कसं?

'मला वाचता येत न्हाई,' तो म्हणाला. एकदा तोंडातून गेल्यावर ते थांबेना. 'अठरा वर्सं खिळं जुळवतोय. अक्षर येतं, अक्षरांची वळ येत न्हाई. माझं डोळंबी असंच पळत्यात. तिचं नाव काडायचं आसंल तर आदी माझं डोळं बगा.'

साठ्ये बाईंनी विचारलं, मग पाठ करून घेतलं कसं? आसारामनं खिशातून त्या दोन पट्ट्या काढल्या, टेबलावरच्या कागदावर एक ओळीखाली आणि एक पुढच्या अक्षरांवर ठेवली, आणि एक अक्षर उघडं करून दाखवलं. नळाच्या रांगेतल्या चार सकाळी त्यानं कशाबशा सांगितल्या. बाईंनी पट्ट्या हातात घेतल्या आणि बराच वेळ फिरवून पाहिल्या. मग त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या, की पानभर मजकूर एकेक अक्षरानं सोडवून चार दिवसांत जिनं पाठ केला तिला मंद ठरवणाऱ्या कागदावर मी सही करणार नाही. आसारामनं भीत भीत उलट्या खिळ्यांचं विचारलं. त्या म्हणाल्या, खिळ्यांनी काही झालेलं नाही, डोळ्यांतही खोट नाही. शब्द ओळखीचा होत नाही, म्हणून डोळे पुन्हा पुन्हा मागं जाऊन त्याला शोधतात. तो ओळखीचा का होत नाही, ते मलाही अजून माहीत नाही. मोठ्या बाईंना हे काही फारसं पटलं नाही, पण मार्चपर्यंत बघू, म्हणून त्यांनी पेनाचं टोपण लावलं. प्रुफाचं मात्र मला शेठांना सांगावं लागेल, असं साठ्ये बाई आसारामला म्हणाल्या, आणि त्यानं मान डोलावली. एका भीतीची जागा रिकामी झाली न झाली तोच दुसरी येऊन बसली.

'बसा,' बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद त्याच्यासमोर उभा केला. मग काय मनात आलं कोण जाणे, स्वतः बाजूला सरकून त्यांनी विजूला खुर्चीवर चढवलं. बघ तूच, म्हणाल्या. आसाराम मुलींच्या त्या बुटक्या बाकावर बसला. गुडघे हनुवटीशी आले. मागं कुणी उभं नव्हतं, तरी मानेवर श्वास लागला, तपकिरीचा वास आला. भोकात एक घारा डोळा आला आणि त्याच्याकडे बघू लागला. मजकूर त्यालाही पाठ होता, न बघता म्हणता आला असता. एकच शब्द पाठ नव्हता. त्यानं पहिल्या ओळीवर नजर ठेवली, आणि ओळ हलायला लागली. विहिरीशी येईपर्यंत त्याच्या बगला भिजल्या. तिसऱ्या ओळीत डोळे दोनदा घसरून वर गेले, एकदा खाली, आणि तो थांबला.

'आण्णा, डोळं मागं गेलं,' कागदाआडून विजू हळूच म्हणाली. 'घाई न्हाई. मी हाय हितं.'

त्यानं टेबलावरची पट्टी उचलून ओळीखाली धरली. एके. दिवशी. एक. मग तो त्या शब्दापाशी आला आणि पहिलं अक्षर त्यानं पुष्कळ वेळ बघितलं.

'शे,' तो म्हणाला, आणि थोडं थांबून, 'ळी.'